असल, नक्कल आणि हरवलेली ‘पिंपरी’ : संपादनाच्या आज्ञांचा मराठी इतिहास

१/
चाकण म्हटले की इतिहासप्रेमींना १६६० आठवते. संग्रामदुर्ग, फिरंगोजी नरसाळा आणि शायिस्ताखानाचा वेढा. चिंचवड म्हटले की मोरया गोसावींचे समाधिमंदिर डोळ्यांपुढे येते. आज याच परिसरात उभे राहून एका अगदी निराळ्या इतिहासाकडे पाहू. संगणकाच्या पडद्यावरील ‘कट, कॉपी, पेस्ट, अनडू’ या चार आज्ञांचा हा इतिहास आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्या पिढीला १९९० नंतरच्या महाराष्ट्राचा इतिहास लिहिता येईल की नाही, हा प्रश्न याच चार आज्ञांशी येऊन भिडतो.

२/
प्रारंभ संगणकापासून नव्हे, हस्तलिखितापासून करावा लागेल. पोथी लिहिताना चूक झाली तर लेखक ती खोडत नसे. चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा, म्हणजे पिवळ्या खनिज रंगाचा, लेप देई. लेप वाळला की त्यावरच नवे अक्षर लिही. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. संप या अर्थाचा ‘हरताळ’ मात्र वेगळा आहे. तो ‘हट्ट’ म्हणजे बाजार आणि ‘ताळा’ म्हणजे कुलूप यांपासून आलेला. कारखान्यांच्या या पट्ट्यात दोन्ही शब्दांना अर्थ आहे, म्हणून हा खुलासा.

३/
शब्द राहून गेला तर काय करीत? ओळीत जेथे तो हवा तेथे काकपदाची, म्हणजे कावळ्याच्या पावलासारखी, छोटी खूण करीत आणि राहिलेला शब्द समासात लिहीत. यालाच हंसपाद असेही नाव आहे. म्हणजे ‘वगळा’ आणि ‘मध्ये घाला’ या दोन आज्ञा आपल्या लेखकांच्या हाती शतकानुशतके होत्या. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला वाहिला आहे. लेखन हे त्या काळी एक शिस्तबद्ध कसब मानले जाई, याची ती साक्ष.

४/
आता तिसरी आज्ञा : नक्कल. मराठी राज्यकारभारात ‘असल’ आणि ‘नक्कल’ हा भेद जीवनमरणाचा होता. चिंचवडच्या देव घराण्याचेच उदाहरण घ्या. मोरया गोसावींच्या या वंशाकडे इनाम गावे होती. राजवट बदलली की नव्या राज्यकर्त्याकडून सनदेचे नूतनीकरण करून घ्यावे लागे आणि त्यासाठी जुन्या कागदांचा आधार द्यावा लागे. या घराण्याचे आणि राज्यसत्तेचे संबंध लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तपशिलाने मांडले आहेत.

५/
इंग्रजी अमलात हा प्रश्न आणखी तीव्र झाला. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला कायदेशीर अधिकार मिळाले आणि इनामदारांना आपला हक्क कागदांनिशी सिद्ध करावा लागला. कागद असल आहे की नक्कल, शिक्का कोणाचा, अक्षर कोणाचे, यावर जमीन राहणार की जाणार हे ठरू लागले. लक्षात घ्या, येथे ‘कॉपी’ ही निव्वळ सोय नाही. प्रत विश्वासार्ह नसेल तर हक्कच संपतो. हे सूत्र पुढे पुन्हा भेटणार आहे.

६/
मुद्रणाच्या युगात ही कामे छापखान्यात गेली. कंपोझिटर केसमधून एकेक खिळा उचलून ओळ जुळवी, गॅलीवर मजकूर लावी, प्रूफ काढी. मुद्रितशोधक समासात खुणा करी. त्यांत काकपदही होतेच. देवनागरीची अडचण ही, की जोडाक्षरे, मात्रा आणि रफार धरून शेकडो खिळे लागत. लोकमान्य टिळकांनीही खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी खटाटोप केला होता. ही ‘शेकडो खिळ्यांची’ अडचण ध्यानात ठेवा. संगणकावर तीच नव्या वेषात उभी राहिली.

७/
पुढे ऑफसेट छपाई आली आणि कात्री व डिंक ही संपादनाची खरीखुरी साधने झाली. मजकुराची पट्टी कापायची, दुसऱ्या जागी चिकटवायची आणि त्या जुळवलेल्या पानाचे छायाचित्र घेऊन प्लेट करायची. ‘कट’ आणि ‘पेस्ट’ हे शब्द या टेबलावरचे आहेत. पडद्यावरील कात्रीचे चित्र ही त्या टेबलाचीच आठवण.

८/
आता थोडे दूर, अमेरिकेत कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधनकेंद्रात जाऊ. १९७४-७५ च्या सुमारास लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी तेथे ‘जिप्सी’ नावाचा संपादक-प्रोग्राम रचला. तो गिन अँड कंपनी या पाठ्यपुस्तक प्रकाशनसंस्थेच्या संपादकांसाठी होता. संगणकतज्ज्ञांसाठी नव्हे, तर लाल पेन्सिल घेऊन बसणाऱ्या माणसांसाठी. आजच्या कट-कॉपी-पेस्टचे घराणे येथून सुरू होते.

९/
त्यापूर्वीच्या बहुतेक संपादक-प्रोग्रामांत ‘अवस्था’ असत. एका अवस्थेत कळ दाबली तर अक्षर उमटे, दुसऱ्या अवस्थेत तीच कळ आज्ञा होई. आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे विसरले की मजकूर उडालाच. टेस्लर यांचा आयुष्यभराचा आग्रह हा, की अशा अवस्था नसाव्यात. आधी मजकूर निवडा, मग त्याचे काय करायचे ते सांगा. कर्म आधी, क्रियापद नंतर. मराठी माणसाला हे सहज पटावे, कारण आपले वाक्यही तसेच चालते : ‘ही ओळ काप.’

१०/
टेस्लर १९८० मध्ये ॲपल कंपनीत गेले. जानेवारी १९८३ मध्ये आलेल्या ‘लिसा’ संगणकात संपादनाच्या आज्ञा एका मेनूत एकत्र दिसल्या आणि त्यांना एक्स, सी, व्ही, झेड या शेजारशेजारच्या कळा मिळाल्या. एक्स म्हणजे काट मारल्याची खूण. सी म्हणजे कॉपी. आणि व्ही? ती उलटे काकपद आहे! ‘मध्ये घाला’ या मुद्रितशोधनाच्या खुणेशी तिचे साम्य असल्याचे टेस्लर सांगत. छापखान्याची खूण अशी कळफलकावर येऊन बसली. १९८४ च्या मॅकिंटॉशने या कळा सर्वदूर नेल्या. टेस्लर १६ फेब्रुवारी २०२० रोजी निवर्तले.

११/
चौथी आज्ञा ‘अनडू’. मराठी रूपांतरांत ती कुठे ‘पूर्ववत करा’ तर कुठे ‘पहिल्यासारखे करा’ अशी दिसते. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात १९६८ पासून विकसित झालेल्या ‘फ्रेस’ प्रणालीत शेवटचा बदल मागे घेण्याची सोय होती. प्रारंभी बहुधा एकच पाऊल मागे जाता येई. स्मृती महाग होती. अनेक पावले मागे जाण्याची चैन नंतरची.

१२/
ही आज्ञा आतून चालते कशी? दोन मार्ग आहेत. पहिला : प्रत्येक बदलापूर्वी संपूर्ण मजकुराची प्रत राखून ठेवायची. सोपा, पण खर्चिक. दुसरा : प्रत्येक कृतीची नोंद ठेवायची, तिच्या उलट कृतीसह. ‘दहाव्या जागी चार अक्षरे घातली’ याची उलट कृती ‘दहाव्या जागची चार अक्षरे काढा’. या नोंदी ताटांसारख्या एकावर एक रचल्या जातात. ‘पूर्ववत’ म्हटले की सर्वांत वरची नोंद उचलून उलटी चालवायची आणि ती ‘पुन्हा करा’च्या ढिगावर ठेवायची. मात्र मागे जाऊन आपण काही नवे लिहिले, की ‘पुन्हा करा’चा ढीग सहसा रिकामा केला जातो. सोडून दिलेल्या वाटेचा इतिहास तेथेच पुसला जातो.

१३/
आता पुन्हा पिंपरीकडे. या पट्ट्याची औद्योगिक कहाणी आपण जाणता : १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज, १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका. या कारखान्यांच्या आरेखनकक्षांतही संपादन चालेच, फक्त अक्षरांचे नव्हे, रेषांचे. पारदर्शक कागदावर शाईने काढलेली रेषा चुकली तर ब्लेडच्या पात्याने हलकेच खरवडायची, जागा घासून गुळगुळीत करायची, मग नवी रेषा.

१४/
त्या आरेखनाच्या कोपऱ्यात एक छोटा तक्ता असे. बदल कोणता, दिनांक कोणता, कोणी केला, कोणी तपासला. प्रत्येक बदलास अनुक्रमाने अक्षर किंवा अंक. ही कागदावरची ‘पूर्ववत करा’ची यादीच म्हणा, फरक एवढाच की ती कधी पुसली जात नसे. पुढे संगणकीय आरेखन आले. टेल्कोच्या पुण्यातील अभियांत्रिकी संशोधन केंद्राने घडवलेली आणि १९९८ मध्ये लोकांपुढे आलेली इंडिका त्याच बदलत्या युगातील. रेषा खरवडण्याचे दिवस संपले. एका कळीत ती नाहीशी होऊ लागली.

१५/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून विचार करावा. सर्वसाधारण डेस्कटॉप प्रोग्राममध्ये ‘पूर्ववत करा’ची यादी संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. फाइल बंद केली की ती यादी बहुधा नष्ट होते. उरते ती केवळ अंतिम आवृत्ती. हरताळाखालचे अक्षर कधीकधी अभ्यासकाला वाचता येते, खरवडलेली रेषा उजेडापुढे धरली की दिसते. पण जतन करून बंद केलेल्या फाइलमध्ये लेखकाचा आधीचा विचार शोधायला जाल, तर बहुधा हाती काही लागणार नाही.

१६/
आता मुख्य प्रश्न : या आज्ञा मराठीत कशा आल्या? यातील मोठा अध्याय पुण्याचा आहे. ऐंशीच्या दशकात कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ तंत्रज्ञान विकसित झाले. मोहन तांबे हे त्यातील अग्रणी नाव. १९८८ मध्ये पुण्यात गणेशखिंड परिसरात सी-डॅकची स्थापना झाली आणि जिस्टचे काम तेथे आले. सी-डॅक म्हटले की लोकांना डॉ. विजय भटकर आणि १९९१ चा ‘परम ८०००’ महासंगणक आठवतो. परंतु मराठी माणसाच्या रोजच्या लेखनाला जिस्टने अधिक जवळून स्पर्श केला.

१७/
जिस्टमागील विचार अत्यंत सुबक होता. भारतीय लिप्या दिसायला भिन्न असल्या तरी त्यांची वर्णमाला एकाच साच्याची आहे. म्हणून अक्षराचे चित्र साठवू नका, वर्ण साठवा. ‘क’ला एक संकेतांक, ‘इ’कारास एक, हलन्तास एक. चित्र कसे काढायचे ते यंत्र ठरवील. हाच संकेत ‘इस्की’ या नावाने रूढ झाला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक १३१९४ म्हणून प्रसिद्ध झाला. इनस्क्रिप्ट कळफलकही याच विचाराचा.

१८/
परंतु बाजारपेठेची गरज वेगळी होती. विंडोज आले, पेजमेकर आले, गल्लोगल्ली डीटीपीची दुकाने निघाली. त्या काळच्या इंग्रजी सॉफ्टवेअरला देवनागरी जुळवता येत नव्हती. त्याला एवढेच कळे : एक संकेतांक, एक चित्र. आणि एका फॉन्टमध्ये जागा फक्त २५६. मग फॉन्ट रचणाऱ्यांनी देवनागरीचे तुकडे केले : अर्धा त, अर्धा स, काना, वेलांटी, रफार. आणि ते इंग्रजी अक्षरांच्या व चिन्हांच्या जागी बसवले. छापखान्याच्या शेकडो खिळ्यांची केस २५६ खणांत कोंबली गेली.

१९/
सी-डॅकचे ‘आयएसएम’, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्री-लिपी’, बंगळूरचे ‘आकृती’ अशी साधने घरोघरी पोचली. यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. ती नसती तर नव्वदच्या दशकात मराठी वृत्तपत्र, पुस्तक किंवा लग्नपत्रिका संगणकावर तयार होऊच शकली नसती. मात्र कोणता तुकडा कोणत्या खणात, हे सर्वांनी एकमताने ठरवले नव्हते. प्रत्येकाची केस निराळी होती.

२०/
याचा कट-कॉपी-पेस्टवर परिणाम काय झाला? त्यासाठी क्लिपबोर्ड म्हणजे काय ते पाहू. आपण ‘कॉपी’ म्हणतो तेव्हा प्रोग्राम एकच वस्तू ठेवत नाही. तो त्याच मजकुराची अनेक रूपे मांडतो : फॉन्टच्या नावासह सजवलेला मजकूर, साधा मजकूर, कधी चित्रही. ‘पेस्ट’ करणारा प्रोग्राम त्यांतून आपल्याला समजेल ते रूप उचलतो. एका दुकानदाराने माल तीन वेष्टनांत ठेवावा आणि गिऱ्हाइकाने हवे ते न्यावे, तसे.

२१/
पेजमेकरमधून वर्डमध्ये सजवलेले रूप गेले तर फॉन्टचे नावही सोबत जाई आणि मराठी मराठीच दिसे. पण तोच मजकूर ईमेलमध्ये, शोधचौकटीत किंवा नोटपॅडमध्ये चिकटवला की केवळ साधे रूप जाई. म्हणजे उघडे संकेतांक. आणि ते संकेतांक इंग्रजी अक्षरांचे! पडद्यावर उमटे इंग्रजी अक्षरे, कंस आणि चिन्हे यांचा अर्थहीन गोंधळ. आज्ञा चुकली नव्हती. तिने जे होते ते प्रामाणिकपणे नेले होते. मुळात जे होते ते मराठी नव्हते. मराठीसारखे दिसणारे काहीतरी होते. नक्कल बरोबर, असलच खोटे.

२२/
‘पिंपरी’ हाच शब्द घ्या. कागदावर आधी वेलांटी दिसते, मग प. अनेक जुन्या फॉन्टांत साठवणही तशीच असे : आधी वेलांटीचा तुकडा, मग प, मग अनुस्वार. उच्चारात मात्र आधी प, मग इ. युनिकोडने उच्चाराचा क्रम घेतला : प, ि, ं, प, र, ी असे सहा संकेतांक. ‘चिंचवड’चीही तीच गत. म्हणजे जुन्या फॉन्टातून नव्या संकेतात मजकूर नेताना केवळ अक्षर बदलून भागत नाही. वेलांटी उचलून व्यंजनामागे, जोडाक्षर असेल तर संपूर्ण जोडाक्षरामागे, न्यावी लागते. ‘मार्ग’मधील रफाराचे उलट : कागदावर तो गवर दिसतो, उच्चारात आधी येतो.

२३/
युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ ची. तिच्यातील देवनागरीच्या १२८ जागांची मांडणी १९८८ च्या इस्कीवर आधारलेली आहे. म्हणजे ‘वर्ण साठवा, चित्र नव्हे’ हा येथील विचार जागतिक मानकात गेला. पण मानक असणे आणि घरच्या संगणकावर चालणे यांत अंतर असते. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० मध्ये देवनागरीची अंगभूत सोय आणि ‘मंगल’ फॉन्ट आला. सर्वसामान्यांपर्यंत ती पोचायला आणखी काही वर्षे गेली. हा मधला काळच आपल्या दृष्टीने धोक्याचा.

२४/
युनिकोड आल्याने संपादनाच्या आज्ञा रचणाऱ्यांपुढे नवे प्रश्न आले. ‘महाराष्ट्र’ या शब्दात डोळ्यांना चार अक्षरे दिसतात : म, हा, रा, ष्ट्र. संगणकाकडे संकेतांक दहा. मग एक अक्षर खोडायचे म्हणजे काय? विंडोजमध्ये पडलेली रीत अशी : बॅकस्पेस एकेक संकेतांक मागून काढते, तर डिलीट पुढचे अख्खे अक्षर उडवते. शेवटच्या ‘ष्ट्र’वर बॅकस्पेस एकदा दाबा, ‘र’ जातो आणि पाय मोडका ‘ष्ट्’ उरतो. टंकलेखकाची चूक बहुधा शेवटच्या कळीत असते, म्हणून ही रीत. निवड करताना मात्र सरकदर्शक ‘ष्ट्र’च्या मध्ये थांबत नाही. अर्धे जोडाक्षर कापता येऊ नये, म्हणून.

२५/
आता खास मराठी पेच. ‘दुसऱ्या’मधला तो झुलता र. हिंदीला त्याची गरज नाही, आपल्याला पदोपदी आहे. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिला जातो : नुक्तायुक्त ‘ऱ’ला हलन्त जोडून, अथवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. आणि हा र कोठे येतो पाहा : ‘शेतकऱ्यांना’, ‘कर्मचाऱ्यांना’. ज्यांच्या जमिनी गेल्या ते आणि ज्यांनी यंत्रे चालवली ते, या पट्ट्याच्या इतिहासाचे दोन्ही नायक या एका अक्षरावर अडतात. एका रीतीने शोधाल तर दुसऱ्या रीतीने लिहिलेला शेतकरी सापडेलच असे नाही.

२६/
‘ॲ’चेही तसेच. मराठीसाठी आवश्यक असलेले हे अक्षर स्वतंत्र संकेतांक म्हणून युनिकोडमध्ये आले ते २००८ च्या ५.१ या आवृत्तीत. त्यापूर्वी लोक ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवत अथवा हिंदीचा ‘ऍ’ वापरत. त्यामुळे ‘ॲल्युमिनियम’ हा कारखान्यातला साधा शब्दही जुन्या-नव्या मजकुरांत तीन प्रकारे साठवलेला असू शकतो. संग्रहात शोध घेताना एकच रूप टाइप करून ‘उल्लेख नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

२७/
आता सारे धागे एकत्र आणू. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील तीनशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद आजही वाचता येतो. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक पेशवे दफ्तराचे ४५ खंड संपादित केले ते अशाच कागदांतून. मोडी शिकावी लागते, एवढेच. परंतु १९९५ सालची एखादी मराठी फाइल घ्या. कामगार संघटनेचे पत्रक, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, गणेश मंडळाची स्मरणिका, भूसंपादनाविरुद्धचे निवेदन. फॉन्ट हरवला असेल तर ती फाइल उघडते, पण वाचता येत नाही. तीनशे वर्षांचा कागद जिवंत, तीस वर्षांची फाइल मुकी.

२८/
आणि हा काळ कोणता, याचा विचार करा. १९९० ते २००५. उदारीकरणाचा काळ. पिंपरी-चिंचवडचा विस्तार आणि चाकणचे शेतीचे गाव ते वाहनउद्योगाचे केंद्र हे स्थित्यंतर याच काळात वेग घेते. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्घाटन झाले तेव्हा पायाभरणीचा अध्याय लिहून झालेला होता. इंग्रजीतील अहवाल, ताळेबंद आणि करार शाबूत राहिले, कारण इंग्रजीचे संकेत स्थिर होते. मराठीतला आवाज जुन्या फॉन्टांत अडकला. उद्याच्या इतिहासकाराने फक्त जे कॉपी होते तेच वाचले, तर या स्थित्यंतराची एकच बाजू लिहिली जाईल.

२९/
इनाम कमिशनपुढे उभ्या राहिलेल्या इनामदाराची आठवण येथे होते. त्याच्यापुढे प्रश्न होता : तुझ्याकडे विश्वासार्ह कागद आहे काय? आपल्या पिढीपुढील प्रश्नही तोच आहे, फक्त शब्द बदलले. रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. जुन्या फॉन्टातील मजकूर ती युनिकोडमध्ये आणतात. पण त्यांना मूळ फॉन्ट कोणता हे ठाऊक असावे लागते, आणि वेलांटी व रफार यांच्या जागा तपासणारा माणूस लागतो. पीडीएफमधून कॉपी करतानाही सावध राहा. तेथे पुष्कळदा अक्षरांची चित्रे असतात, क्रम बिघडलेला असतो.

३०/
म्हणून काही कृती सुचवतो. घरी, मंडळात, संघटनेच्या कार्यालयात जुन्या सीडी, फ्लॉपी असतील तर टाकू नका. फाइलसोबत त्या संगणकावरील फॉन्टही जपा. फॉन्ट ही त्या मजकुराची किल्ली आहे. छापील प्रत असेल तर ती सर्वांत मोलाची : तिचे स्वच्छ स्कॅन करा. टेसरॅक्टसारखे मुक्त अक्षरओळख सॉफ्टवेअर मराठी वाचू शकते. रूपांतर केल्यावर मूळ फाइल पुसू नका. असल आणि नक्कल दोन्ही ठेवा, आणि कोणी, कधी, कशी नक्कल केली याची टीप जोडा. आरेखनाच्या कोपऱ्यातील तो तक्ता आठवा.

३१/
टेस्लर यांनी संपादकाच्या हाती कात्री आणि डिंक दिला, तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी पान होते. आपल्या पानावर तीच कात्री चालावी यासाठी कानपूर, पुणे आणि जगभरच्या अनेकांना दोन दशके खपावे लागले. आज आपण ‘पिंपरी’ हा शब्द येथून उचलून तेथे ठेवतो आणि तो ‘पिंपरी’च राहतो. ही साधी गोष्ट नाही. मात्र मधल्या पंधरा वर्षांच्या मजकुरावर जो हरताळ फासला गेला आहे, तो कोणत्याही मेनूतील ‘पूर्ववत करा’ने निघणार नाही. तो हातांनीच, एकेक पान करून, काढावा लागेल.

३२/
आपल्या घरी १९९० ते २००५ या काळातील एखादी मराठी स्मरणिका, पत्रक किंवा न उघडणारी फाइल आहे काय? असल्यास तिचे वर्ष, गाव आणि प्रकार खाली प्रतिसादात अवश्य कळवा. खासगी तपशील मात्र देऊ नका. पुढील लेखमालिकेत मोडी कागदांतील ‘असल’ कशी ओळखतात, ते पाहू. तोवर इतकेच.